आमचं पाणी बघायला मुंबईला

शहापूर-मुरबाडचा माणूस मुंबईला जातो तो कामाला. केईएममध्ये पेशंट असतो, हायकोर्टात जमिनीची तारीख असते, मंत्रालयात कागद अडकलेला असतो, नाहीतर रोजची नोकरी असते. पहाटे आसनगावला लोकल पकडायची, रात्री उतरायचं, स्टँडवरची बाइक काढायची आणि घर गाठायचं. या येण्याजाण्यात मुंबई बघायची राहूनच जाते. बघण्याचं काम मुंबईकर करतात, आणि तेही आमच्याकडं येऊन. पावसाळा लागला की शनिवार-रविवारी माहुलीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते, माळशेजच्या धबधब्याखाली उभं राहायला जागा नसते, नाणेघाटात उलटा धबधबा मोबाइलमध्ये पकडायला झुंबड उडते. आमच्या अंगणातून फोटो काढत जाणाऱ्या या पाहुण्यांचं आम्हाला आता नवल वाटत नाही.

‘मग आपणही एकदा त्यांच्या वस्त्या बघून यायला काय हरकत आहे?’ आमच्या दहावीच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला तो सरळगावकडं पोल्ट्री चालवणाऱ्या मुरबाडच्या मित्रानं. अटी त्यानंच घातल्या. नातेवाइकांकडं जायचं नाही, दवाखाना नाही, खरेदी नाही. एका दिवसात मुंबईच्या एकमेकींना न शोभणाऱ्या वस्त्या पायी हिंडायच्या आणि रात्री घरी यायचं. ऑक्टोबर 2025 मधला दुसरा शनिवार ठरला. हळवं भात कापणीला आलेलं असताना हा सहलीला निघाला म्हणून त्याला घरून चार शब्द ऐकावे लागले. बाकीचे चौघे म्हणजे डोळखांबकडच्या पाड्यावर शिकवणारा मास्तर, वीज कंपनीतला वायरमन, कसाऱ्याकडची अंगणवाडी सेविका, जिला आम्ही शाळेपासून ताईच म्हणतो, आणि मी.

वस्त्या निवडायच्या कशा, यावर ग्रुपवर बरीच हाणामारी झाली. कुणाला फोर्ट हवं होतं, कुणाला मलबार हिल, कुणाला धारावी. शेवटी मास्तरानं तोडगा काढला. ‘आपल्या तालुक्यातलं पाणी रोज मुंबईला जातं. ते कुठंकुठं जातं, एवढंच बघायचं.’ त्यावर मुरबाडकरानं स्वतःची एक पुस्ती जोडली. मुरबाडमधून मुंबईला नाना शंकरशेट गेले, त्यांचा माग आपण काढायचा. असे पाणी आणि नाना हे दोन धागे घेऊन आम्ही निघालो.

रेल्वेचा माणूस, रेल्वे नसलेलं गाव

शहापूरचे आम्ही चौघे आसनगावला चढलो. मुरबाडकर एसटीनं कल्याणला येऊन आमच्या डब्यात घुसला. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या घोषणा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि निवडणूक जवळ आली की त्या जास्त ऐकू येतात. या गोष्टीला एक जुनी बोच आहे. ज्या माणसानं मुंबईत रेल्वे यावी म्हणून आयुष्याची कितीतरी वर्षं खर्ची घातली, तो जन्मानं मुरबाडचा. नानांचा, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा, जन्म बहुतेक चरित्रं 1803 सालचा देतात. 1845 मध्ये मुंबईत रेल्वेसाठी जी मंडळी एकत्र आली त्यांत जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर नाना होते. पुढं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांत त्यांचं नाव आलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, दुसऱ्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि 1861 मध्ये कसाऱ्याला. म्हणजे शहापूरच्या वाट्याला गाडी येऊन दीडशेवर वर्षं झाली. नानांच्या जन्मगावचा माणूस मात्र अजूनही आधी एसटीची वाट बघतो.

‘नानांनी आमच्या गावाला वगळून सगळ्यांचं केलं,’ मुरबाडकर म्हणाला. त्यात राग नव्हता. घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तशी ती कुरकुर होती.

डब्यात मास्तरानं आकडे काढले. मुंबईला पाणी देणारे जलाशय सात. विहार आणि तुळशी हे दोन शहराच्याच हद्दीत, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात. ऊर्ध्व वैतरणा घाटमाथ्यावर, नाशिक जिल्ह्यात. उरलेले चार, म्हणजे तानसा, भातसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा, हे शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेला. सातही तलावांची मिळून उपयुक्त साठवण 14,47,363 दशलक्ष लिटर. त्यातलं एकट्या भातसाचं 7,17,037, म्हणजे जवळजवळ निम्मं. त्या आठवड्यात सगळे तलाव जवळपास काठोकाठ होते आणि मुंबईचे पेपर तशा बातम्या देऊन निश्चिंत झाले होते. मुंबईला रोज सुमारे 400 कोटी लिटर पाणी लागतं. ‘आपल्या डब्याच्या बरोबरीनं तेही निघालंय,’ वायरमन म्हणाला. ‘फक्त त्याला कल्याणला उभं राहावं लागत नाही.’

फोर्ट: विहिरींचं शहर

दुसरा शनिवार असल्यामुळं फोर्टात ऑफिसची गर्दी नव्हती. सीएसएमटीतून बाहेर पडून जीपीओच्या बाजूला गेलं की रस्त्याच्या तिकाटण्यावर मुळजी जेठा फवारा लागतो. एका व्यापारी बापानं कोवळ्या वयात गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी ही पाणपोई बांधली. नक्षीत पानं, प्राणी, माणसं, आणि वर पुस्तक वाचत बसलेला मुलगा. या शहरात अशा पाणपोया बऱ्याच आहेत. एकोणिसाव्या शतकात नळ आले, पण घरोघर नव्हे. तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांची आणि गाडीच्या बैलांची तहान भागवणं हे पुण्याचं काम होतं, आणि श्रीमंतांनी ते दगडात कोरून ठेवलं. ताईनं सगळ्या बाजूंनी फिरून फवारा पाहिला. तिच्या पाड्यावर कुणाच्या नावानं बांधलेली अशी एक टाकी आहे, पण तिच्यात पाणी येत नाही, एवढंच ती म्हणाली.

तिथून टाउन हॉल. 1833 साली उभी राहिलेली ही इमारत, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांमुळं सिनेमात सगळ्यांनी पाहिलेली. नानांचा संगमरवरी पुतळा आतच आहे. मुरबाडकरानं पायऱ्यांवर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि गावच्या ग्रुपवर पाठवला.

मग हुतात्मा चौकातून चर्चगेटच्या दिशेनं, क्रॉस मैदानाच्या कडेला, भिका बेहराम विहीर. 1725 साली खोदलेली ही पारशी धर्मस्थानाची विहीर. तिला त्या वर्षी तीनशे वर्षं पुरी होत होती. आत पारशी सोडून इतरांना प्रवेश नाही, म्हणून आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गोड पाण्याचा झरा लागणं हाच तेव्हाचा चमत्कार असणार. 1860 मध्ये विहारचं पाणी नळानं येईपर्यंत मुंबई अशाच विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं उरली, तळी बुजली. विहार पुरेना म्हणून 1879 मध्ये तुळशी झाला, तोही पुरेना तेव्हा शहरानं बेटाबाहेर पाहिलं आणि 1892 मध्ये आमच्या तानशाचं पाणी मुंबईत आणलं. वैतरणेवरचं मोडकसागर 1957 चं, भातसा त्यानंतरचं, आणि मध्य वैतरणा तर 2014 चं. दर पिढीला तहान वाढत गेली आणि दर पिढीला शहर आमच्या दिशेनं आणखी वर सरकत आलं.

गिरगाव: गॅलरीतला नळ

धोबी तलावावरून ठाकूरद्वारला पोचायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यात शहर बदलतं. फोर्टचे रुंद फूटपाथ मागं पडतात आणि दुकानांच्या पाट्यांवर कुलकर्णी, परब, सामंत दिसू लागतात. ‘विनय हेल्थ होम’मध्ये मिसळ खाल्ली. शहापूर-आसनगावच्या हायवेवर मिळते तिच्यापेक्षा ती सौम्य होती, पण वायरमन पाव मागत राहिला.

गिरगावची खरी वस्ती रस्त्यावरून दिसत नाही, गल्लीत शिरावं लागतं. केशवजी नाईक चाळीत 1893 मध्ये लोकमान्य टिळकांच्या काळात सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव आजही होतो. खोताच्या वाडीत गेलं तर लाकडी जिने, कोरीव कठडे, तुळशीवृंदावनाच्या जागी क्रूस आणि दारात बसलेलं मांजर. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची ही जुनी वाडी. वसईकडच्या ख्रिस्ती गावांत पाहिलेली घरं मुंबईच्या मध्यावर उभी असलेली बघून मास्तराला विश्वास बसेना. आणि या दोन्हींच्या डोक्यावर काचेचे टॉवर. भाड्याच्या दोन खोल्यांतून माणसं वर चढली किंवा विरार-डोंबिवलीला उतरली. आमच्या वर्गातल्या दोन मुलांच्या मामांची बिऱ्हाडं इथंच होती, ती आता बदलापुरात आहेत.

चाळीच्या गॅलरीत एका आजोबांनी आम्हाला थांबवून ‘कुणाकडं?’ असं विचारलं. कुणाकडंच नाही, बघायला आलो, हे उत्तर त्यांना पटलं नाही. शहापूरहून आलो म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या लहानपणी तानसा फुटला की काय होईल या विषयावर चाळीत गप्पा रंगत, असं त्यांनी सांगितलं. पाणी पहाटे येतं, ठरावीक तास राहतं, आणि त्या तासांवर चाळीचं सगळं आयुष्य लावलेलं असतं. कुणी कधी उठायचं, कुणी आधी आंघोळ करायची, पिंप कुठं ठेवायचं. ‘पाण्याच्या वेळेला आमच्याकडं भांडण होत नाही असा दिवस नव्हता,’ ते म्हणाले. ‘आता मोटार आहे, त्यामुळं भांडायला माणूस मिळत नाही.’

ते पाणी गिरगावला कुठून येतं, हे आम्हाला मास्तरानं रस्त्यात सांगितलं. पश्चिमेला मान वर करायची. ती टेकडी दिसते ना, तिच्या पोटातून.

वाटेत नाना चौक. शंकरशेट घराण्याचं भवानीशंकराचं मंदिर इथलं. गिरगावातल्या नानांच्या वाड्यात 1849 मध्ये मुलींची शाळा भरली, तेव्हा मुलींना शिकवायचं म्हणजे स्वतःच्या जातीचा रोष अंगावर घ्यायचा. संस्कृतात मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी त्यांच्या नावची शिष्यवृत्ती मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या बोलली गेली. 1912 मध्ये चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली होती. आणि आता भुयारी मेट्रोवर, मुंबई सेंट्रलच्या शेजारी, ‘जगन्नाथ शंकर शेट’ नावाचं स्टेशन आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतचा 33.5 किलोमीटरचा हा पूर्ण मार्ग आमच्या सहलीच्या अवघे दोन दिवस आधी सुरू झाला होता. आमचा मुरबाडकर आता खूष होता. गावाला रेल्वे नसली तरी गावच्या माणसाला स्टेशन मिळालं होतं.

मलबार हिल: झाडाखाली तलाव

हँगिंग गार्डन म्हणजे सर फिरोजशहा मेहता उद्यान. हत्तीच्या आकारात कापलेली झुडपं, समोर समुद्र, बाकावर जोडपी. इथं येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना आपण तलावावर उभे आहोत हे माहीत नसतं. या बागेच्या खाली 1880 च्या दशकातला जलाशय आहे, सुमारे 147 दशलक्ष लिटरचा. त्यातून मलबार हिल, वाळकेश्वर, ताडदेव, ग्रँट रोड, गिरगाव अशा खालच्या वस्त्यांना पाणी जातं. पाणी उंचावर साठवायचं आणि उतारानं खाली सोडायचं, ही साधी युक्ती. पाण्यावर बाग केली म्हणजे ऊन लागत नाही, बाष्पीभवन कमी होतं, आणि लोकांना हवा खायला जागा मिळते.

हा जलाशय जुना झाला म्हणून पाडून नव्यानं बांधायचा पालिकेचा बेत 2023 मध्ये पुढं आला, तेव्हा टेकडीवरच्या रहिवाशांनी झाडांसाठी मोठा आवाज उठवला. 389 झाडं जाणार होती. तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, आयआयटीकडून पाहणी झाली, आणि जलाशय न पाडता दुरुस्त करण्याकडं कल झुकला. वाचलेली झाडं आम्हाला दिसत होती, छान होती. ताईनं एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आलं नाही. ‘धरणासाठी आपल्याकडची झाडं जातात, तेव्हा एवढी समिती बसते का?’

कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. शाळेत आम्हाला मुंबईची सहल नव्हती, त्यामुळं मराठी पोरांच्या लहानपणातला तो बूट आम्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर पाहिला. त्याच्या मागं उताराला मार्च 2025 मध्ये उघडलेला जंगलातला लाकडी मार्ग आहे, 485 मीटर लांब, झाडांच्या शेंड्यांतून जाणारा, तिकीट 25 रुपये. शनिवारी तिथं रांग होती. कठड्याला टेकून लोक जंगल बघत होते. वायरमन माहुलीच्या पायथ्याचा. तो पाच मिनिटांत कंटाळला आणि झाडांची नावं सांगू लागला. शेजारची दोन मुलं ती मोबाइलमध्ये टाइप करून घेऊ लागली. त्या सकाळपासून पहिल्यांदा आमच्यापैकी कुणीतरी मुंबईला काही सांगत होतं.

टेकडी उतरून बाणगंगेला गेलो. वाळकेश्वरच्या देवळांच्या मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं कुंड, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोडं. रामानं बाण मारून पाणी काढल्याची कथा सांगतात. शिलाहारांच्या काळापासूनचं हे स्थान, आणि शिलाहारांची सत्ता ठाण्याचीच. कुंडात बदकं पोहत होती, काठावर दहाव्याचे विधी चालले होते, आणि मागं पन्नास मजल्यांची इमारत. इथल्या फ्लॅटच्या किमतीवर आम्ही थोडा वेळ अंदाज बांधले. मग मुरबाडकर म्हणाला, ‘सोड, एवढ्यात आपलं अख्खं सरळगाव येईल,’ आणि विषय संपला.

धारावी: निळे ड्रम

ग्रँट रोडला मेट्रोत बसलो आणि धारावीला उतरलो. एसी डबा, चकचकीत फलाट, सरकते जिने. आपण टेकडीवरून निघून धारावीत आलो हे कळायला आधी वर यावं लागलं.

धारावीबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात, घाण किंवा उद्योग. आम्ही दिवाळीच्या तोंडावर गेलो होतो, म्हणून कुंभारवाड्यात गेलो. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या इथं कितीतरी पिढ्या झाल्या. घराच्या ओसरीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत पणत्या वाळत घातलेल्या, पाय ठेवायला जागा शोधावी लागते. भट्टीचा धूर खाली येऊन डोळ्यांत जातो. माती गुजरातेतून येते, पणत्या दादरच्या बाजारात जातात आणि तिथून आमच्या शहापूरच्या आठवडी बाजारातही. ताईनं तिथल्या दराशी घरच्या बाजाराचा दर ताडून पाहिला आणि तिच्या तोंडून ‘बाप रे’ निघालं.

पुढच्या गल्लीत निळे ड्रम. प्रत्येक दारात एक, दोन, काही ठिकाणी तीन. झाकणावर फळी, फळीवर दगड. आम्हा पाचही जणांना ही वस्तू मुंबईत पहिल्यांदाच घरच्यासारखी वाटली. एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर येतो तेव्हा असेच ड्रम रांगेत उभे असतात. गटाराच्या काठानं पाण्याच्या बारीक नळ्या गेल्या होत्या, एकमेकींत गुंतलेल्या. वायरमननं त्यांच्या टोकाला लावलेले टुल्लू पंप दाखवले. ज्याच्याकडं टुल्लू त्याला पाणी, शेजाऱ्याला हवा.

नळाजवळ एक साताऱ्याकडच्या मावशी भांडी विसळत होत्या. ताईनं विचारलं, मावशी, पाणी किती वाजता? पहाटेचं, दोन-अडीच तास, तेही धड जोर नसतो. तुम्ही कुठल्या? तानशाकडच्या, शहापूरच्या, ताई म्हणाली. ‘अगं म्हणजे सोडणाऱ्या तुम्हीच की! जरा जास्त सोडत जा.’ सगळे हसले. ताई म्हणाली, ‘मावशी, सोडत नाही आम्ही. आमच्याकडून नेतात. आम्हीपण ड्रमच भरतो.’ मावशींचे हात थांबले. त्यांनी विचारलं, ‘धरणाजवळ राहून?’

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू कागदावर आहेत. पालिकेच्या हिशोबात इमारतीतल्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला 45 लिटर, असा फरक वर्षानुवर्षं चालत आला. डिसेंबर 2014 मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयानं पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसाला तहानलेलं ठेवता येणार नाही, असं म्हटलं. 2022 मध्ये पालिकेनं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशननं ठरवलेला आकडा आहे माणशी 55 लिटर. म्हणजे कागदावर आमचा पाडा धारावीपेक्षा दहा लिटरनं श्रीमंत आहे.

धारावीच्या कडेनं जाड पाइप गेले आहेत. तानशापासून भिवंडी तालुक्यातून, ठाण्यावरून, मुलुंड-घाटकोपर-कुर्ल्याच्या मागून येणारे. या पाइपांच्या काठानं हजारो झोपड्या होत्या. दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करा, असा न्यायालयाचा आदेश झाला आणि त्यांतली बरीच कुटुंबं माहुलला, रिफायनरीच्या शेजारी, हलवली गेली. तिथल्या हवेत माणसांना राहायला लावता येणार नाही, हेही मग 2019 मध्ये न्यायालयालाच म्हणावं लागलं. मोकळ्या झालेल्या जागेवर पालिकेनं 39 किलोमीटरचा सायकल मार्ग आखला. पाइपातून पाणी तर जातच होतं. त्याच्या काठावर कोण राहील आणि कोण सायकल चालवेल, हा मात्र वेगळा हिशोब होता.

चढ आणि उतार

परतीच्या कसारा लोकलमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली, ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी सोय. दिवसभर पाहिलेल्या वस्त्या डोक्यात एकमेकींवर आदळत होत्या. टिटवाळ्याच्या पुढं गर्दी उतरली आणि मास्तर बोलू लागला.

त्याचं म्हणणं असं. मलबार हिलला उंचीमुळं पाण्याचं बळ मिळतं, म्हणून शहरानं साठवण टेकडीवर केली. आमच्याकडं उंची हीच शिक्षा आहे. पाडे डोंगराच्या अंगावर, धरण खोऱ्याच्या तळाला. पाऊस मुंबईपेक्षा कमी पडत नाही, पण काळ्या कातळावरून तो चार महिन्यांत वाहून जातो आणि थेट धरणात साठतो. मार्च आला की वरच्या विहिरी तळ दाखवतात. धरणाचं पाणी पाड्यावरून दिसतं, पण ते वर चढवायला पंप, वीज, पाइप आणि कुणाच्या तरी सहीची गरज लागते. खाली शंभर किलोमीटर जायला फारसं काहीच लागत नाही, तानशाचं पाणी उतारानंच शहरापर्यंत जातं. म्हणूनच शहापूरच्या गावांसाठी शेवटी इगतपुरीच्या भावली धरणाची योजना पुढं आली. ते घाटावर, म्हणजे आमच्याहून उंच. तिथून पाणी उतारानं आमच्याकडं येऊ शकतं. पायाशी भातसा असलेल्या तालुक्यानं नाशिक जिल्ह्याकडं हात पसरायचे, हा प्रकार वेडेपणाचा वाटतो, पण त्यामागं चढ-उताराचं गणित आहे.

‘गणित आहे हे खरं,’ वायरमन म्हणाला. ‘पण पन्नास मजल्यांवर पाणी चढवतातच की ते. तिथं चढ आडवा येत नाही.’

मुरबाडकराची बाजू वेगळीच होती. त्याच्या तालुक्यात बारवी आहे, एमआयडीसीचं. ते पाणी अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला जातं. धरणाची उंची वाढवताना जी गावं पाण्याखाली गेली तिथल्या माणसांना त्याच शहरांत नोकऱ्या द्यायचं ठरलं. त्याच्या मावसभावाला शहरात नोकरी लागली. त्याचं शेत आता तो जिथं काम करतो त्या शहराच्या नळातून येतं, असं मुरबाडकर म्हणाला आणि स्वतःच थोडा वेळ गप्प बसला. काळू धरणाचं भूत मुरबाडवर अजून आहेच. 2012 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं काम थांबलं, पण कागद जिवंत आहेत. तिकडं पालघर जिल्ह्यात, वाड्याकडं, मुंबईसाठी गारगाई धरण उभं करायचं ठरतंय, रोज 440 दशलक्ष लिटरसाठी. पुन्हा गावं, पुन्हा झाडं.

मुंबईला पाणी देऊ नये, असं आमच्यातल्या कुणाचंच म्हणणं नव्हतं. तिथं आमचीच माणसं राहतात. केईएममध्ये आमचाच पेशंट असतो आणि त्याला ग्लासभर पाणी तानशाचंच मिळतं. ठाण्या-भिवंडीला आणि पाइपाच्या वाटेवरच्या काही गावांना पालिका पाणी देते, हेही खरं. तानसा 1892 मध्ये शहरानं स्वतःच्या पैशानं बांधला, तेव्हा इथं कुणाकडं तेवढा पैसा नव्हता, तेही मान्य. पण त्या दिवशी वस्त्यांमागून वस्त्या बघताना एक गोष्ट आम्हाला लख्ख दिसली. मलबार हिल, गिरगाव, धारावी या एकाच नळावरच्या वस्त्या आहेत, आणि त्या नळावर आणखी एक वस्ती आहे जी मुंबईच्या कुठल्याच नकाशात येत नाही. ती आमची. धारावीच्या बाईला पाणी मागायला वॉर्ड ऑफिस आहे, नगरसेवक आहे, मोर्चा न्यायला रस्ता आहे. आमच्या पाड्यावरच्या बाईचं पाणी ज्या महापालिकेकडं जातं, तिच्या निवडणुकीत तिला मत नाही. पुढचं धरण बांधण्याआधी आधीच्या धरणांवरच्या पाड्यांना नळ मिळावा, तो धरणाच्याच खर्चात धरला जावा, आणि शहराच्या पाणीपट्टीचा काही हिस्सा दरवर्षी नियमानं त्या चढावर खर्च व्हावा. ही भीक नव्हे. ज्याच्या विहिरीवरून पाणी भरतो त्याचा रहाट ओढायला हात लावायचा, ही गावाकडची साधी रीत आहे.

आसनगावला उतरेपर्यंत पुढच्या सहलीचं ठरलं. या वेळी आम्ही जाणार नाही, मुंबईकरांना बोलावणार आहोत. गिरगावच्या चाळीतल्या आजोबांना, लाकडी मार्गावर झाडांची नावं लिहून घेणाऱ्या त्या मुलांना, आणि धारावीच्या मावशींना तर आवर्जून. पावसाळ्यात नको, तेव्हा धबधबे बघायला सगळेच येतात. मे महिन्यात या. कसारा लोकल पकडा, आसनगावला उतरा, आम्ही न्यायला येतो. आधी भातसाची भिंत दाखवू, मग वरच्या पाड्यावर टँकरच्या रांगेत नेऊ. जेवण आमच्याकडं, भाकरी आणि सुकट. फक्त येताना प्यायचं पाणी तेवढं घरून भरून आणा.